लडाखच्या हिमओढ्यांतले किडे कसे गोळा करायचे

एकाच ओढ्यावर, हिमनदीच्या तोंडापासून खाली, दर २००-३०० मीटर उंचीला एक ठिकाण ठरवा. पाण्यात सकाळीच उतरा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, दुधासारखं गढूळ होतं आणि पाय ठरत नाहीत.

तापमान एकदा मोजून भागत नाही. सतत तापमान टिपणारं नोंदयंत्र पाण्यात दगडाच्या सावलीत बांधा. उन्हात पाण्याआधी यंत्राची डबीच तापते. प्राणवायूमापक जागेवर पुन्हा जुळवा. लेहला (३,५०० मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणून गार पाण्यातही प्राणवायू कमी मावतो.

जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा, पुढचा तळ ३ मिनिटं पायाने ढवळा, मोठे दगड हाताने चोळा. ५०० मायक्रॉनच्या (अर्ध्या मिलिमीटर छिद्रांच्या) जाळीतून डायामेसा या डासासारख्या, न चावणाऱ्या माशीच्या कोवळ्या अळ्या निसटतात. २५० ची घ्या. ती गाळाने तुंबते, मग पाणी उलटं फिरतं आणि किडे बाहेर जातात, तेव्हा मधे रिकामी करा. नमुन्यावर ९५ टक्के इथेनॉल ओता, ओलीने ते पातळ होतंच.

पाण्याचं कमाल तापमान २ अंश सेल्सिअसखाली असेल तर बहुतेक डायामेसाच सापडेल. ४ अंशांपुढे मेफ्लाय या नाजूक पंखांच्या किड्याची पाण्यातली पिल्लं वाढतात. वाटेत ओढ्याला झरा मिळत असेल तर हा क्रम मोडतो. त्याच्या वर आणि खाली वेगळे नमुने घ्या.