सणाला धरून चिनी कविता कशी वाचावी

जुनी चिनी कविता वाचायला घ्यायची तर संग्रह पहिल्या पानापासून उघडू नका. सम्राट कांगशीच्या आज्ञेने १७०५ मध्ये हाती घेतलेल्या थांगकालीन (थांग राजघराण्याच्या काळातल्या, ६१८–९०७) कवितांच्या समग्र संग्रहात जवळजवळ ४९ हजार कविता आहेत. ‘थांग काळातल्या तीनशे कविता’ हे चीनमध्ये घरोघरी आढळणारं निवडक पुस्तकसुद्धा नवख्या माणसाला दमवतं. पहिल्या वर्षी मी ते सलग वाचत सुटले. साठेक कविता झाल्या, एकही अंगी लागली नाही. मग शीआनमध्ये भाषा शिकत असताना आमच्या बाई म्हणाल्या, “वर्षात सातच वाच, पण ज्या दिवसाची कविता त्याच दिवशी वाच.” तेव्हापासून मी अशीच वाचते, आणि कुणी विचारलं तर हीच पद्धत सांगते.

आधी तारखा लावून घ्या. वांग वेइच्या (७०१–७६१) कवितेचं शीर्षक आहे, ‘नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, शानतोंगच्या भावांच्या आठवणीत’. हा नववा महिना म्हणजे सप्टेंबर नव्हे. चिनी महिना अमावास्येला सुरू होतो, पंधराव्या दिवसाच्या आसपास पौर्णिमा येते, आणि १९ वर्षांत सात अधिक महिने धरले जातात. म्हणून हा छोंगयांगचा सण २०२४ मध्ये ११ ऑक्टोबरला आला आणि २०२५ मध्ये सहावा महिना अधिक असल्यामुळे थेट २९ ऑक्टोबरला गेला. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर २०२६ सालच्या तारखा अशा आहेत: वसंतोत्सव (चिनी नववर्ष) १७ फेब्रुवारी, कंदिलांचा सण ३ मार्च, छिंगमिंग ५ एप्रिल, त्वानवू १९ जून, सातव्या महिन्याची सप्तमी १९ ऑगस्ट, मध्यशरद २५ सप्टेंबर, छोंगयांग १८ ऑक्टोबर. यातला छिंगमिंग तेवढा सूर्यावर चालतो, त्यामुळे तो दर वर्षी ४ ते ६ एप्रिलच्या आतच येतो.

या तारखांमुळे एक गोष्ट आपोआप साधते. आकाशात चंद्र किती आहे हे कवीने सांगितलं नाही तरी तुम्हाला कळतं. कंदिलांचा सण पहिल्या महिन्याच्या पंधराव्या रात्री, म्हणजे वर लख्ख चंद्र आणि खाली दिवे. वर्षाची शेवटची रात्र मात्र काळोखी. सप्तमीला अर्धा चंद्र. कवी हे सांगत बसत नाही, कारण त्याच्या वाचकाला ते ठाऊकच असायचं.

आता एक कविता हातात घेऊन सावकाश वाचू. वांग वेइचीच घेऊ. चारच ओळी, प्रत्येक ओळीत सात अक्षरं. तिची एक जुनी टीप सांगते की कवीचं वय तेव्हा १७ होतं. तेही चिनी मोजणीने, म्हणजे आपल्या हिशेबाने बहुधा सोळाच.

तू त्साय यी श्यांग वेइ यी ख
मेइ फंग च्या च्ये पेइ स छिन
याओ च श्योंग ती तंग काओ छू
प्येन छा चू यू शाओ यी रेन

आधी अर्थ न बघता मोठ्याने म्हणा. ओळ दोन-दोन-तीन अशी तुटते: तू त्साय, यी श्यांग, वेइ यी ख. बोटांवर ठोका धरा. हा ठोका एकदा बसला की सात अक्षरांची कुठलीही थांग कविता त्याच तालावर म्हणता येते. पाच अक्षरांची असेल तर दोन-तीन. उच्चारांची चिंता करू नका. ‘त्साय’मधला आवाज ‘चाक’ या शब्दातल्या ‘च’चाच आहे, तो आपल्या तोंडात आधीपासून आहे.

मग एकेका अक्षराखाली एकेकच मराठी शब्द लिहा, वाक्य करू नका. पहिली ओळ: एकटा, असणे, परका, गाव, होणे, परका, पाहुणा. ‘परका’ दोनदा आलाय; तो दोनदाच लिहा, गाळू नका, कारण कवीला तो दोनदाच हवा आहे. दुसरी ओळ: दरेक, गाठ पडणे, चांगला, सण, दुप्पट, आठवणे, आप्त. तिसरी: दुरून, जाणणे, थोरला भाऊ, धाकटा भाऊ, चढणे, उंच, जागा. चौथी: सर्वत्र, खोवणे, चुयू (ही दोन अक्षरं मिळून एका वनस्पतीचं नाव), कमी, एक, माणूस.

आता या यादीत ‘मी’ शोधा. सापडणार नाही. पहिल्या दोन ओळींत कवी स्वतःबद्दल बोलतोय, तरी ‘मी’ नाही. तिसऱ्या ओळीत तो मनाने दूर डोंगरावर जातो, आणि चौथीत भावांच्या डोळ्यांनी पाहतो: सगळ्यांनी डहाळी खोवली, एक माणूस कमी. मला तुमची आठवण येते, असं तो म्हणत नाही. तिकडे मोजताना एक कमी भरेल, असं म्हणतो. मराठीत क्रियापद ‘मी’ला आत ओढून घेतं, त्यामुळे पहिल्या ओळीचं भाषांतर करताना ‘मी’ टाळता येतो. जरूर टाळा.

इथे मी वर्षभर उराशी धरलेली एक चूक सांगते. शानतोंग म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचा आजचा प्रांत, असं मी गृहीत धरलं होतं आणि नकाशावर भाऊ भलत्याच ठिकाणी बसवले होते. शीर्षकातलं शानतोंग म्हणजे ‘डोंगराच्या पूर्वेला’, आणि तो डोंगर म्हणजे हुआशान. वांग वेइचं घर फूचौला, म्हणजे आजच्या शान्शी प्रांतातल्या युंगचीला होतं. तो राजधानी छांगआनमध्ये, म्हणजे मी ज्या शहरात बसून वाचत होते त्याच शीआनमध्ये नशीब काढायला आला होता. भाऊ काही समुद्रापलीकडे नव्हते; काही दिवसांच्या वाटेवर होते, तरी सणाला भेट नाही. हे कळल्यावर कविता एकदम जवळ आली. म्हणून गावाचं नाव आलं की ते कवीच्या काळात कुठे होतं ते बघा, आजच्या नकाशावर विसंबू नका.

वस्तूचंही तसंच. चुयू या शब्दापाशी मी नुसती ‘एक वनस्पती’ अशी टीप लिहून पुढे जायचे. मग शीआनमधल्या चिनी औषधांच्या दुकानात वू-चुयू नावाने मिळणारी सुकी फळं मूठभर आणली. मिरीहूनही लहान, काळपट हिरवी, वरून पाच फाकांची. बोटांत चुरडली तर उग्र, झोंबणारा वास आला आणि तो संध्याकाळपर्यंत हातावर राहिला. छोंगयांगला रोगराई आणि अरिष्ट टळावं म्हणून उंचावर जायचं, अंगावर चुयू बाळगायचा, शेवंतीची दारू प्यायची ही रीत. इतक्या उग्र वासाच्या गर्दीत एक वास कमी असेल, हे मला ती फळं चुरडल्यावर उमगलं. वस्तू मिळवा, निदान तिचं चित्र आणि वास-चव यांची माहिती मिळवल्याशिवाय कविता संपली असं समजू नका.

उरलेल्या सहा कविता वाचताना एकच प्रश्न जवळ ठेवा: इथे कोण नाही?

मध्यशरदासाठी सू शीची (१०३७–११०१) ‘श्वेइत्याओ गथोउ’ घ्या. शीर्षक म्हणजे फक्त चालीचं नाव, अर्थ शोधत बसू नका. खरी माहिती वरच्या छोट्या प्रस्तावनेत आहे. साल १०७६, कवी मीचौला, म्हणजे आजच्या शानतोंग प्रांतातल्या चूछंगला, रात्रभर पिऊन पहाटे लिहितोय आणि आठवण धाकट्या भावाची. माणसाला सुखदुःख, ताटातूट आणि भेट. चंद्राला ढग, उजेड, भरणं आणि झिजणं. हे सगळं मनासारखं कधीच जुळत नाही, असं स्वतःची समजूत घालत तो शेवटाला येतो: माणसं दीर्घकाळ राहोत, हजार ली अंतरावरून एकच चंद्र वाटून घेवोत. ही पूर्ण पाठ करा, कितीही दिवस लागोत. ली पायची ‘पलंगासमोर चांदणं’ ही वीस अक्षरांची कविताही या सणाला हटकून म्हटली जाते, पण तिच्यात सणाचा उल्लेख नाही. ती थंडीतल्या एखाद्या साध्या रात्रीसाठी राखून ठेवा.

छिंगमिंगला कबरी साफ करतात. कोण नाही हे तिथे विचारावंच लागत नाही. तू मूच्या नावावर असलेली ‘छिंगमिंग’ वाचा. ती त्याच्या स्वतःच्या संग्रहात नाही, म्हणून अभ्यासकांना शंका आहे. मला त्याने फरक पडत नाही. पहिल्या ओळीतलं ‘फन-फन’ हे पावसाचं दुहेरी अक्षर मराठीत आणताना ‘झिमझिम’ चालेल, ‘धो-धो’ चालणार नाही. वाटसरू भिजतोय, वाहून जात नाहीये.

त्वानवूसाठी वेन श्यू या थांगकालीन भिक्षूच्या चार ओळी पुरतात: एवढी अथांग छू देशची नदी, पण एका सरळ मंत्र्यावरचा अन्याय तिला धुता आला नाही. तो मंत्री म्हणजे मीलो नदीत जीव दिलेला छ्यू युआन. सप्तमीला छिन क्वान, कंदिलांच्या सणाला शिन छीची (११४०–१२०७). शिन छीचीच्या शेवटच्या ओळींआधी दिव्यांची सगळी वर्णनं मोठ्याने, न थांबता म्हणा. गर्दीत शेकडो वेळा शोधून मागे वळल्यावर विझत्या दिव्यांपाशी ‘ते माणूस’ दिसतं, तेव्हा दम लागलेला असला पाहिजे.

नववर्षाला वांग आन्‌शी. सातांत ही एकच कविता अशी की कुणी कमी नाही: फटाक्यांत वर्ष सरतं, वासंतिक वारा थूसू नावाच्या दारूत ऊब आणतो, हजार दारांवर उजाडतं आणि पीचच्या लाकडाच्या जुन्या पाट्या काढून नव्या लावल्या जातात. आजच्या दारांवरचे लाल कागदी दोहे या पाट्यांच्याच वंशातले.

शेवटी प्रत्येक कवितेचं मराठी स्वतः करा आणि दर वर्षी त्याच दिवशी नव्याने करा. मी चार खणांच्या चौकटींची अक्षरं गिरवायची वही वापरते. उजवीकडे उभ्या ओळींत मूळ अक्षरं, डावीकडे त्या वर्षीचं मराठी. जुनं खोडायचं नाही. वांग वेइची शेवटची ओळ माझ्या वहीत सहा वेळा आहे. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, ‘सर्व बंधूंनी चुयूच्या शाखा धारण केल्या, परंतु मी तेथे नाही.’ गेल्या छोंगयांगला लिहिलं: ‘खोवून झालं साऱ्यांचं. एक माणूस कमी.’