जुनी बारूददाणी घेताना आधी तोंड पाहा

शिकारीच्या ठासणीच्या (तोंडातून बारूद भरायच्या) बंदुकीसोबत वापरलेल्या बारूददाण्या, म्हणजे बारूद जवळ बाळगायच्या बाटल्या, जमवायच्या असतील, तर सुरुवात १९व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या मालापासून करावी. जेम्स डिक्सन अँड सन्स आणि हॉक्सली यांनी तांब्या-पितळेच्या दाण्या भरपूर बनवल्या. काडतुसाच्या बंदुका आल्या आणि दाण्यांची गरज संपली, पण चांगले नग अजून विक्रीला येतात.

नवा माणूस दाणीच्या अंगावरची उठावातली कुत्रे, तितर, हरणांची चित्रे पाहून भुलतो. खरी परीक्षा तोंडाची. तिथे मापाची नळी, तिच्या बुडाशी आडवी सरकणारी पट्टी, अंगठ्याने दाबायचा खटका आणि पट्टी परत आणणारी पोलादी स्प्रिंग असते. नळीचे माप कमीजास्त करता येते. त्यावरचे सव्वादोन, अडीच, पावणेतीन, तीन हे आकडे ड्रॅमचे. एक ड्रॅम म्हणजे सुमारे १.७७ ग्रॅम, म्हणून अडीच ड्रॅमचा बार (एका वेळची बारूद) साधारण ४.४ ग्रॅमचा. नळीवर औंसाची मापे दिसली तर ती छर्‍यांची पिशवी किंवा तिचे तोंड समजावे. अशी अदलाबदल करून विकणारे कमी नाहीत. गळ्याशी स्क्रूंच्या छिद्रांची दुसरी, बुजवलेली ओळ दिसली, तर तोंड दुसर्‍याच दाणीचे आहे.

घरी आणल्यावर पहिले काम धुण्याचे. आत जुनी बारूद असू शकते आणि ती कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. त्यामुळे धुण्याआधी डाख (धातूचा सांधा वितळवून जोडणे), ज्योत, ठोकाठोकी काहीही नको. नळीतून कोमट पाणी भरावे, हलवावे, ओतावे. पाणी काळे यायचे थांबेपर्यंत हेच करावे. बारुदीतला सोरा पाण्यात विरघळून जातो. अंग दोन ठोकीव अर्धे डाखाने जोडून केलेले असते, आणि सांधा कुठे सुटला आहे हे याच वेळी पाझरावरून कळते. मग वार्‍यावर पूर्ण वाळवून स्प्रिंगला तेलाचा एक थेंब द्यावा, नाहीतर तिलाच गंज चढतो.

आता थोडी खसखस भरून पाहा. नळीवर बोट ठेवून दाणी उलटी करा, खटका दाबा, सोडा, बोट काढा. नळीतली खसखस पडून थांबली तर पट्टी नीट बंद होते. मागाहून दाणे गळत राहिले, तर स्प्रिंग मेली आहे किंवा पट्टी वाकली आहे. स्प्रिंग नवी बसवता येते, पण तसे असेल तर किंमत कमी द्यावी.

पोचे काढायच्या भानगडीत पडू नये. पत्रा पातळ असतो. ठोकला की सांधा उकलतो. चिंच-मीठ, पितांबरी तर मुळीच नको. अनेक दाण्यांवर मुळातच तपकिरी-सोनेरी लाखेचा हात असतो, तो एकदा गेला की गेला. झळझळीत दाणीला जाणकार कमीच भाव देतो.

नकली नगात उठाव बुळबुळीत, अक्षरे पुसट, पत्रा जाड आणि जड. खरी दाणी असमान झिजते: खटक्यावर, चित्राच्या उंच भागांवर आणि अंगाला घासणार्‍या बाजूवर. सगळीकडे सारखाच काळपटपणा दिसला, तर तो रसायनाचा समजावा. कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या पिस्तुलाच्या छोट्या दाण्यांच्या नकला सर्वात जास्त, म्हणून नवख्याने त्या टाळाव्यात.

भारतात शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते. खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. हस्तिदंती किंवा काळविटाच्या शिंगाची दाणी कितीही देखणी असो, वन्यजीव कायद्यामुळे विकत घेऊ नये. गाई-म्हशीच्या शिंगाची घ्यावी, फक्त त्यात कसर लागलेली नाही ना ते पाहावे.

ठेवताना वर्तमानपत्र आणि प्लॅस्टिकची घट्ट पिशवी दोन्ही टाळा. धुतलेल्या सुती कापडात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि पावसाळ्यात पुडी बदला.