'भाकर' हाच शब्द का? रसग्रहण लिहिण्याआधी एवढं करा

गेली बावीस वर्षं मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते. रसग्रहणात, म्हणजे कवितेचं सौंदर्य उलगडून सांगणाऱ्या उत्तरात, 'कवयित्रीने जीवनाचे वास्तव चित्रण प्रभावी शब्दांत केले आहे' असं वाक्य आलं की माझा लाल पेन अडतो. ते कुठल्याही कवितेखाली खपतं. मुलांना कविता कळत नाही म्हणून ती असं लिहितात, हे मला पटत नाही. कवितेपाशी थांबायला त्यांना कुणी वेळच दिलेला नसतो. घाईघाईने भावार्थ पाठ करून घेतला जातो.

तर मुलांनो, आज फक्त दोन ओळींपाशी थांबू या. बहिणाबाई चौधरींच्या या ओळी तुम्हाला पाठच असतील:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर

आधी मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नको. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली, शेतातली कामं करता करता त्या गाणी रचायच्या आणि ती कागदावर उतरवली इतरांनी. म्हणजे या ओळी मुळात कानासाठी आहेत. आता बोटांवर अक्षरं मोजा: अ-रे-सं-सा-र-सं-सा-र. आठ. पुढचे तीनही तुकडे मोजा, प्रत्येकात आठच भरतील. 'चुल्ह्यावर' आणि 'भाकर' यांचं यमकही कानालाच आधी कळतं.

आता पेन्सिल घ्या आणि ज्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द सहज बसला असता, त्याखाली रेघ मारा. मी वर्गात विचारलं, "भाकर का? पोळी का नाही?" बराच वेळ सगळे गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, पोळी लाटण्याने लाटतात. भाकरी हाताने थापायची, हातानेच तव्यावर टाकायची, वरून पाणीही हातानेच फिरवायचं. हात तव्याजवळ जातोच." ती घरी रोज भाकऱ्या करते. रसग्रहणाचा गाभा तिने एका दमात सांगितला. 'हाताला चटके' हे शब्द तिला मुद्दाम शोधावे लागले नाहीत, तिच्या बोटांना ते ठाऊक होते. तेव्हा कवितेतली वस्तू घरात असेल तर उठून बघून या, नसेल तर आजीला विचारा. हा अभ्यासच आहे.

मग क्रम बघा. आधी काय, नंतर काय? चटके आधी आहेत आणि ओळ संपते 'भाकर' या शब्दावर. बरीच मुलं लिहितात, 'या कवितेत संसाराचे दुःख सांगितले आहे.' मी त्यांना म्हणते, शेवटच्या शब्दावर बोट ठेव. तिथे दुःख आहे का? शब्दांच्या जागा उलट करून ओळ म्हणून बघा, 'भाकर मिळते पण चटके बसतात'. सूर लगेच तक्रारीचा होतो. बहिणाबाईंचा सूर तसा नाही.

एवढं झाल्यावरच आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या शीर्षकांकडे वळा. क्रमाचा मुद्दा आशयात जाईल. 'जसा' आहे म्हणून उपमा. संसार उपमेय, तवा उपमान. पण अलंकाराचं नुसतं नाव लिहून थांबू नका, तव्याचीच उपमा का, हे एका वाक्यात सांगा. 'तंव्हा', 'चुल्ह्यावर' ही खानदेशातली बोली, आठ अक्षरांची लय, 'संसार' शब्दाची पुनरुक्ती हे सगळं भाषेत.

गद्य उताऱ्यालाही हीच सवय लावा. पहिल्या वाचनात प्रश्नांकडे बघू नका. दुसऱ्या वाचनात 'पण', 'तरी', 'म्हणून' यांना गोल करा, कारण लेखकाचं म्हणणं बहुतेक वेळा तिथेच वळतं. 'तो', 'ती', 'त्यांनी' म्हणजे नेमकं कोण, हे उताऱ्याच्या कडेला समासात लिहा. निम्म्या चुका तिथेच सुटतात.

उत्तर लिहून झालं की कवितेचं नाव हाताने झाका आणि वाचा. उत्तर दुसऱ्या कवितेलाही लागू पडत असेल, तर ते वाक्य खोडा. त्या मुलीने त्या दिवशी वहीत लिहिलं होतं, 'तव्याला हात लावल्याशिवाय भाकरी होत नाही, हे कवयित्रीला माहीत आहे म्हणून ती चटक्यांवर रागावलेली नाही.' त्याखाली मी काहीच लिहिलं नाही, वही वर्गात मोठ्याने वाचून दाखवली.