छाटणीच्या सीझनमध्ये अल्ट्रासाउंड लावताना

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की निफाड, दिंडोरीकडून कोपर धरून येणारी माणसं वाढतात, दिवसभर कात्री चालवून कोपराची बाहेरची बाजू ठणकते, आणि नाशिकला क्लिनिकमध्ये आल्या आल्या म्हणतात "मॅडम, ते जेलचं मशीन लावा", म्हणजे फिजिओथेरपीचं अल्ट्रासाउंड, सोनोग्राफीचं नाही, दुखऱ्या जागी ध्वनिलहरी सोडणारं. नवीन इंटर्न मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी.

लगेच लावू नका. आधी विचारा, पेसमेकर आहे का, त्या भागात कॅन्सर किंवा इन्फेक्शन आहे का, पायावर लावायचं असेल तर शिरेत गुठळी झाली होती का. दिवस गेलेल्या बाईच्या पोटावर, कमरेवर नाही म्हणजे नाही. डोळ्यावर नाही, वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर पण नाही. शुगर असेल तर दोन टेस्टट्यूबमध्ये कोमट आणि गार पाणी घ्या, पेशंटला डोळे मिटायला सांगून दोन्ही कातडीला टेकवा, फरक सांगता आला नाही तर त्या जागी मशीन बंदच ठेवा.

कोपराचा स्नायूबंध वरवर असतो म्हणून लहरींची फ्रिक्वेन्सी 3 मेगाहर्ट्झ, मांडीसारख्या खोल जागी 1. दुखणं ताजं असेल तर पल्स्ड 20 टक्के (लहरी थांबून थांबून, वेळेच्या 20 टक्केच चालू) आणि इन्टेन्सिटी, म्हणजे लहरींचा जोर, दर चौरस सेंटिमीटरला 0.5 वॅटच्या आत, जुनं असेल तर कंटिन्युअस (सलग लहरी) चालतं पण 3 मेगाहर्ट्झला वरचा थर लवकर तापतो म्हणून कमीपासूनच सुरू करा. हेडच्या, म्हणजे कातडीवर फिरवायच्या भागाच्या, साधारण दुप्पट जागा, पाच मिनिटं, बास.

जेल भरपूर घ्या, मध्ये हवा राहिली तर लहरी परत फिरतात. हेड सपाट टेकवून सावकाश गोल फिरवत राहा, एका जागी थांबायचं नाही, फोन वाजला तरी नाही, आणि उचलायचं असेल तर आधी आउटपुट बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपला शेतकरी माणूस चटका बसला तरी "होतंय सहन, वाढवा अजून" म्हणतो, शेक जितका कडक तितका गुण लवकर असं त्याला मनापासून वाटतं, म्हणून सुरू करायच्या आधीच सांगा की काका, फक्त हलकी ऊब लागली पाहिजे, काहीच नाही लागलं तरी चालेल, पण आत हाडात ठणका आला तर लगेच बोला. ठणका म्हणजे हाडावरचं आवरण तापतंय, तेव्हा इन्टेन्सिटी कमी करा, हाडाच्या टोकावरून बाजूला सरका. पल्स्डमध्ये ऊब जाणवत नाही, म्हणून तो म्हणतो मशीन बिघडलंय, तरी वाढवू नका.

नुसत्या मशीनने कोपर बरं होईल असं सांगू नका, व्यायाम शिकवा, कात्रीला धार आहे का विचारा. जेल पुसून कातडी लाल झाली का बघा, हेड निर्जंतुक करा, मगच पुढचा पेशंट.