कथासंग्रहासाठी ई-रीडर घेताना या चुका टाळा

ई-रीडर कोणता घ्यावा, असे विचारणाऱ्यांना मी आधी एकच उलटा प्रश्न करतो: तुमच्याकडच्या कथा कोणत्या स्वरूपात आहेत? याचे उत्तर क्वचितच मिळते. पडद्याचा आकार, किंमत आणि सवलत तोंडपाठ असते. पण आपल्या फाइली स्कॅन केलेल्या आहेत, संगणकावर टाइप केलेल्या आहेत की विकत घेतलेली ई-पुस्तके आहेत, हे कोणी उघडून पाहिलेले नसते. मराठी कथा जमवणाऱ्यांच्या बहुतेक चुका या न केलेल्या पाहणीतून होतात.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्कॅन केलेल्या अंकांसाठी सहा इंची यंत्र घेणे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक सदाशिव पेठेत राहतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी वर्षानुवर्षे रद्दीच्या दुकानांतून जुने दिवाळी अंक गोळा केले, त्यांतल्या निवडक कथा एका दुकानातून स्कॅन करून घेतल्या, आणि परदेशातल्या मुलीने त्यांना कौतुकाने एक सहा इंची ई-रीडर पाठवला. नानांनी पहिली कथा उघडली तेव्हा अक्षरे मोहरीएवढी दिसत होती. यात यंत्राचा दोष नव्हता. सहा इंची पडद्याची रुंदी सुमारे ९ सेंटिमीटर असते आणि ए-४ पानाची २१. म्हणजे पान निम्म्याहून लहान होते आणि छापील १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम ५ पॉइंटचे उरते. पान मोठे करावे, तर प्रत्येक ओळीसाठी ते डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते, आणि ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा ई-रीडरचा पडदा प्रत्येक वेळी सावकाश, लुकलुकत नवे चित्र काढतो. नाना चष्म्याचा नंबर तपासून आले, पण वाचन काही होईना.

मग घरातल्या एका तरुणाने ‘पाच मिनिटांचे काम’ म्हणून साऱ्या पीडीएफ एका फुकट संकेतस्थळावरून ईपबमध्ये, म्हणजे पडद्यानुसार अक्षरे लहानमोठी करता येणाऱ्या ई-पुस्तकाच्या स्वरूपात, बदलून दिल्या. दिवाळी अंकांच्या ईपबमध्ये पानांची तीच चित्रे आली, कारण स्कॅनमध्ये अक्षरे नसतातच, फक्त त्यांचा फोटो असतो. नानांनी स्वतः लिहिलेल्या कथासंग्रहाची पीडीएफ छापखान्याकडून आलेली होती. तिच्या ईपबमध्ये रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची अर्थहीन रांग उमटली. नानांना वाटले की आपली फाइल कायमची बिघडली.

ती बिघडली नव्हती. युनिकोड ही प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत रुळण्यापूर्वी मराठी छपाईचे काम पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या प्रणालींवर होत असे, आणि अनेक छापखान्यांत ते अजूनही होते. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. पान दिसते मराठी, पण फाइलच्या पोटात मराठी मजकूर नसतोच. त्यामुळे पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. मराठी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, कचरा उमटला तर फॉन्ट जुना आहे, आणि काहीच निवडता आले नाही तर बहुधा ते स्कॅन आहे. एवढ्या चाचणीने यंत्राचा निम्मा निर्णय होतो.

नानांच्या फाइलींचे आम्ही याच कसोटीवर वेगवेगळे गठ्ठे केले. स्कॅन केलेल्या कथांचे रिकामे समास कापले आणि त्यांच्यासाठी १०.३ इंची पडद्याचे यंत्र घेतले. त्याची रुंदी सुमारे १५.७ सेंटिमीटर असल्याने पान तीन चतुर्थांश आकारात दिसते आणि डोळ्यांना ताण पडत नाही. नानांच्या स्वतःच्या संग्रहाची मूळ फाइल छापखान्यातून मिळवली, परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणली आणि छापील पुस्तक शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासली, कारण अशा परिवर्तनात रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात. ही तपासणी टाळणारे लोक पुढे वर्षभर अशुद्ध मजकूर वाचत राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. स्कॅनमधून अक्षरे ओळखणारे टेसरॅक्ट मराठीसाठीही चालते. परंतु जुन्या, तुटक छपाईवर त्याला मुद्रितशोधनाची जोड लागतेच, म्हणून ज्या कथा पुन्हा पुन्हा वाचायच्या आहेत, त्यांच्यावरच मी हे कष्ट घेतो.

दुसरी चूक यंत्र घेताना दिसत नाही, संग्रह वाढल्यावर दिसते. शेकडो कथा फोल्डरांत नीट लावून केबलने ॲमेझॉनच्या किंडलमध्ये टाकल्या की पडद्यावर ती फोल्डरे दिसतच नाहीत. सगळ्या कथा एकाच यादीत मिसळतात. गट यंत्रावरच हाताने करावे लागतात. कोबोच्या यंत्रांवर मात्र कॅलिबर या मोफत प्रणालीतून गट आणि मालिका थेट पाठवता येतात. बूक्ससारखी अँड्रॉइडवर चालणारी यंत्रे फोल्डर तसेच दाखवतात. संग्रह लावण्याची आवड असणाऱ्याने हा फरक पडद्याच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचा मानावा.

यंत्र कोणतेही असो, नावे कॅलिबरमध्ये आधी दुरुस्त करावीत. लेखकाच्या आद्याक्षरांमध्ये एका फाइलीत जागा सोडलेली आणि दुसरीत नसली, किंवा एकीकडे नाव देवनागरीत आणि दुसरीकडे रोमनमध्ये असले, तर यंत्र त्यांना वेगवेगळे लेखक समजते. मी मालिकेच्या रकान्यात अंकाचे नाव लिहितो आणि कथेच्या शीर्षकाआधी वर्ष घालतो, तेही सर्वत्र एकाच प्रकारच्या आकड्यांत. देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळले की क्रम विस्कटतो. संपादित संग्रहाचे तुकडे करून प्रत्येक कथा सुटी करणे मला मान्य नाही. संपादकाने लावलेल्या क्रमाला अर्थ असतो. कथा शोधायची अडचण असेल, तर कॅलिबरमधल्या पुस्तक-संपादनाच्या सोयीत प्रत्येक कथेच्या शीर्षकावरून अनुक्रमणिका तयार करावी. त्याला एक संध्याकाळ जाते आणि ती सार्थकी लागते.

ईपब फाइल केबलने किंडलवर टाकून ती उघडत नाही म्हणून यंत्र परत करणारेही भेटतात. ती ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल या सेवेने पाठवावी किंवा कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू३ या किंडलच्या स्वरूपात बदलून घ्यावी.

रंगीत पडद्याच्या मोहात पडू नये. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंकवर काळ्या मजकुराला इंचाला ३०० ठिपके मिळतात, रंगांना १५०, आणि पार्श्वभूमी थोडी करडी दिसते. चित्रमय बालकथा सोडल्या तर कथावाचनाला त्याचा लाभ नाही.

साठवणुकीसाठी जादा पैसे मोजण्याआधी फाइली पाहाव्यात: केवळ मजकुराच्या कथा १६ जीबीत हजारोंनी मावतात, जागा खातात ते स्कॅन.

‘दहा हजार मराठी पुस्तके’ असे फुकट वाटले जाणारे गठ्ठे संग्रहात घेऊ नयेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, आणि हयात लेखकाची कथा अशी वाचणे म्हणजे त्याच्या कष्टांवर हात मारणे आहे.

वापरलेले यंत्र घेताना ते आधीच्या मालकाच्या खात्यातून काढले आहे, याची त्याच्यासमोरच खात्री करावी. परदेशातून आणवलेल्या यंत्राची हमी इथे चालते का, हेही आधी विचारावे.

शेवटची चाचणी देवनागरीची. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘स्त्री’, ‘ज्ञान’, ‘ॲड’ हे शब्द असलेली एक छोटी ईपब फाइल मी जवळ ठेवतो आणि नवे यंत्र हाती आले की ती आधी उघडतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. जोडाक्षरे तुटली तर यंत्राची मांडणीप्रणाली देवनागरीसाठी कच्ची आहे. चौकोन आला तर किंडल किंवा कोबोच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ असलेला तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट टाकावा. जोडाक्षरे तरीही तुटत राहिली, तर परतीची मुदत संपण्यापूर्वी यंत्र परत करावे.