नांगर पडल्यानंतर: शेजारी, डिंगी आणि लहान बेटं

लहान बेटाच्या आडोशाला चार-पाच शिडाच्या बोटी आधीच उभ्या असतात. तुमची बोट आत शिरली की प्रत्येक डेकवरून कुणीतरी बघायला लागतं. कौतुकाने नव्हे, हा नवा आता नांगर कुठे टाकतोय या धास्तीने. शेजाऱ्यांशी ओळख होते ती इथे, गप्पा बऱ्याच नंतर.

साखळीचा हिशेब सोपा आहे. पाणी ४ मीटर, पाण्यापासून डेकची उंची १ मीटर, भरतीने वाढणारं पाणी २ मीटर, एकूण ७. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी सोडा. बहुतेक दोरच असेल तर सातपट. नवखे लोक भरती धरायला विसरतात. ओहोटीला भरपूर वाटलेली साखळी मध्यरात्री तोकडी पडते, ओढ आडवी न राहता वर लागते आणि नांगर वाळूतून सुटतो. म्हणून साखळी सोडल्यावर इंजिन रिव्हर्सला टाकून जोर हळूहळू वाढवा आणि बाजूला, किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघत राहा. ती एकमेकांपासून सरकत राहिली तर नांगर धरलेला नाही. उचला, पुन्हा टाका. चारचौघांसमोर तिसऱ्यांदा टाकण्यात काहीही कमीपणा नाही.

दोरावरची बोट साखळीवरच्या बोटीपेक्षा मोठा घेर घेते. त्यामुळे ‘तुम्ही किती सोडलंय, साखळी की दोर?’ हा शेजाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न. अंतर कमी वाटलं तर नंतर आलेल्याने हलायचं.

रेडिओवर हाक चॅनेल १६ वर, उत्तर मिळताच दुसऱ्या चॅनेलवर, तेही १ वॉटवर. गप्पा आसपास नांगरलेल्या सगळ्या बोटी ऐकतात, हे विसरू नका. भेटायला डिंगीने, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीने गेलात तर बोटीच्या अंगावर टकटक करा, बोलावल्याशिवाय पाय ठेवू नका, आणि चपला डिंगीतच राहू द्या.

शेजाऱ्याचा सल्ला सोन्यासारखा, पण त्याच्या बोटीपुरता. ‘आम्ही त्या फटीतून आरामात गेलो’ म्हणणारा कॅटामरानवाला (दोन सांगाड्यांची, उथळ बुडणारी बोट) १.२ मीटर पाण्यात तरंगतो. तुमच्या बोटीचा कील, म्हणजे तळाखालचा जड पंखा, २ मीटर खोल असेल तर ती फट तुमची नाही. आधी खोली विचारा, मग वाट. निघायचा दिवसही त्यांचं बघून ठरवू नका. हवामानाचा अंदाज स्वतः वाचा.

प्रवाळातून आत जाताना सूर्य वर आणि पाठीमागे असायला हवा, म्हणजे साधारण सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यान. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक माणूस. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, तपकिरी-पिवळट म्हणजे जवळजवळ पाण्याला टेकलेलं प्रवाळ. ढगाची सावली फसवते. ती सरकेपर्यंत थांबा. लहान बेटांचे नकाशे कधीकधी जुन्या मोजणीवरून केलेले असतात आणि नकाशाच्या पडद्यावर तुमची बोट चक्क जमिनीवर दिसते. आत आलेल्या वाटेचा जीपीएस ट्रॅक जपून ठेवा, बाहेर पडताना तोच कामी येतो.

डिंगीत वल्ही, हवेचा पंप, हातातला रेडिओ, पाणी आणि टॉर्च कायम हवेत. किल कॉर्ड, म्हणजे माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला. इंजिन बंद पडलं आणि वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे असला तर बेट झपाट्याने मागे पडतं. वाळूला लागताना इंजिन वर उचला आणि डिंगी व किनारा यांच्या मधे कधीही उभे राहू नका. पुढची लाट तीच डिंगी पायांवर आणते. भरतीने टाकलेल्या शेवाळाच्या रेषेच्या वर तिला ओढा, दोर झाडाला बांधा. वस्ती असेल तर हिंडण्याआधी तिथल्या जाणत्या माणसाची परवानगी घ्या. नारळाच्या झाडांनाही मालक असतो.

संध्याकाळी दुसऱ्या बोटीवर जायचं असेल तर निघण्याआधीच नांगराचा पांढरा दिवा लावा. अंधारात सगळ्या बोटी सारख्याच दिसतात, म्हणून कॉकपिटमध्येही एखादा वेगळ्या रंगाचा कंदील असू द्या.