टॅपिंग करताय पण सूर ऐकू येईना? टू-हँड टॅपिंगमधल्या या चुका टाळा

"वाजवायलोय पण आवाजच येईना." सोलापुरात इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या पोरांकडनं हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी टॅपिंगची (म्हणजे पिकनं, तार छेडायच्या चकतीनं, न छेडता दोन्ही हातांची बोटं तारेवर आपटून वाजवायची) तक्रार घेऊन आलं की मी त्याच्या उजव्या हाताकडं बघतच नाही, आधी डावा हात बघतो. कारण दहातल्या नऊ जणांचा घोळ तिथंच असतो आणि ते बिचारे महिनाभर उजवं बोट आपटत बसलेले असतात.

हे असं का होतं ते सांगतो. १९७८ ला व्हॅन हेलन बँडचा पहिला अल्बम आला आणि एडी व्हॅन हेलनमुळं टॅपिंग जगभर गाजलं. त्याच्या आधीही वाजवणारे होते, जेनेसिस बँडचा गिटारिस्ट स्टीव्ह हॅकेट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच करत होता, पण बघणाऱ्यांच्या डोळ्यात भरला तो एडीचा फ्रेटबोर्डवर (बोटं दाबतात त्या पट्टीवर) नाचणारा उजवा हात, आणि आजही व्हिडिओ बघताना आपण तेच बघतो. पण हिशोब बघा ना, तीन सुरांच्या पॅटर्नमध्ये उजवा हात एकच सूर वाजवतो, बाकीचे दोन डाव्या हातात पडतात.

आपण सगळ्यांना माहिती असलेला पॅटर्न घेऊ. सगळ्यात बारीक तार, म्हणजे पहिली. ५ व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, नेकवरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्या) डाव्या हाताची तर्जनी, ८ व्यावर करंगळी, १२ व्यावर उजव्या हाताचा टॅप. टॅप, मग पुल-ऑफ (बोट तारेवरनं ओढून सोडणं) करून ५ वा, मग करंगळीचा हॅमर-ऑन (बोट तारेवर आपटून सूर काढणं) ८ व्यावर, परत टॅप. ए, सी आणि ई हे तीन सूर, म्हणजे ए मायनर कॉर्ड.

आता उजवा हात मांडीवर ठेवा आणि नुसत्या डाव्या हातानं ५-८-५-८ करत रहा, मिनिटभर, पिक न लावता. आवाज दहा सेकंदात विझत गेला तर तुमचं टॅपिंग कधीच नीट वाजणार नाही, उजवा हात कितीही भारी असू दे. हे आधी दुरुस्त करा, रोज पाच मिनिटं बास झाली, पण रोज.

बोट वर उचलणं ही सगळ्यात मोठी चूक

टॅप केल्यावर बोट सरळ वर उचललं की पुढचा सूर मेला. बोटानं तारेला जाता जाता किंचित बाजूला ओढून सोडायचं असतं, म्हणजे तार छेडली जाते आणि ५ व्या फ्रेटचा सूर वाजतो. पिकचं काम तिथं तुमचं बोट करतंय. ओढायचं किती, तर एक-दोन मिलिमीटर, जास्त नाही.

खाली ओढायचं का वर, यावर पोरं वाद घालतात. दोन्ही चालतं. फक्त पहिल्या तारेवर एक गडबड होते, जमिनीच्या दिशेनं जोरात ओढलं की तार फ्रेटबोर्डच्या कडेवरनं घसरून बाहेर जाते आणि विचित्र खणखणाट येतो. असं होत असेल तर त्या तारेवर वरच्या दिशेनं ओढून बघा. आणि ५ व्या फ्रेटवरची तर्जनी टॅपच्या आधीच तिथं घट्ट बसलेली पाहिजे, पुल-ऑफ झाल्यावर धावत येऊन बसायची नाही. ती ढिली असली की तार बाजूला सरकते आणि सूर तार ताणल्यासारखा (बेंड) वाकडा ऐकू येतो, मग लोकांना वाटतं ट्यूनिंग गेलंय आणि ते पेग (तारा ताणायच्या खुंट्या) पिळत बसतात.

ठिपके फसवतात

१२ व्या फ्रेटवर बहुतेक गिटारला दोन ठिपके असतात, आणि ते दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे असतात. नजर ठिपक्यावर जाते म्हणून बोटही तिथंच पडतं आणि सूर बसका येतो नाहीतर बझ होतो, म्हणजे तार पट्टीला घासून झरझरते. ठिपका ओलांडून ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा अडकवलेल्या असतात त्या भागाच्या) बाजूला सरका, फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ टेकून पण पट्टीच्या अलीकडं बोट पडलं पाहिजे. तिथं निम्म्या जोरात दुप्पट स्वच्छ सूर निघतो. बोटाचं टोक मारायचं, गादी नाही, आणि त्या बोटाचं नख कापलेलं पाहिजे, नाहीतर तार नखावरनं सटकते.

जोराचंही तेच. मनगटापासनं हात उगारून हातोडा मारल्यासारखं मारतात बरेच जण. हालचाल बोटाच्या मुळापासनं छोटी ठेवा, तळवा गिटारला टेकलेला राहू द्या. टोकाला थोडी चुरचुर होणं ठीक आहे पण मनगटात किंवा कोपराकडं कळ यायला लागली तर त्या दिवशी थांबायचं, ते अंगावर काढायचं नाही.

तर्जनीनं टॅप करायचं का मधल्या बोटानं? मधल्या बोटानं केलं तर पिक नेहमीसारखा अंगठा-तर्जनीत राहतो, म्हणून नवीन माणसाला मी तेच सांगतो. एडी तर्जनीनं करायचा, तो पिक धरायचाच अंगठा आणि मधल्या बोटात. काहीही निवडा पण दर आठवड्याला बदलू नका.

फालतू आवाज आणि गेन

टॅपिंगसाठी उजवा हात ब्रिजपासनं उठला की जाड तारा मोकळ्या होतात आणि नुसत्या धक्क्यानंही गुणगुणायला लागतात. उजव्या तळव्याची कड जाड तारांवर अलगद ठेवा, आणि डाव्या तर्जनीचं टोक शेजारच्या जाड तारेला जेमतेम लागू द्या. हे जमेपर्यंत पहिल्या फ्रेटजवळ तारांखालनं कापडाची पट्टी सरकवून ठेवली तरी चालते, टॉवेलच्या गावात राहतो आपण, जुन्या पातळ नॅपकिनचा तुकडा घरात सापडतोच. खूप जाड कोंबू नका, दाबलेले सूरच वर उचलले जातात.

पण गेन (अँपमध्ये आवाज किती फाटवायचा ते ठरवणारं बटन) वाढवून हे झाकायला जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डिस्टॉर्शन, म्हणजे तो फाटलेला आवाज, सगळे सूर दाबून एका पातळीवर आणतं, म्हणून मेलेला पुल-ऑफही वाजल्यासारखा वाटतो आणि सोबत मोकळ्या तारांचा कचराही मोठा होतो. सराव क्लीन टोनवर, म्हणजे न फाटलेल्या साध्या आवाजावर करा. क्लीनवर तिन्ही सूर सारखे आले की मग गेन थोडा थोडा वाढवा, तेव्हा कळेल की लागेल असं वाटत होतं त्याच्या निम्म्या गेनवरच काम भागतंय. सोलापूरच्या पूर्व भागात घराशेजारी कापडाचे माग चालू असतील तर हेडफोन लावूनच बसा, मागाच्या खटखटीत मेट्रोनोम पण ऐकू येत नाही आणि आपला हात नकळत मागाच्या ठेक्यात जायला लागतो.

अँपची घरघर ही वेगळी भानगड. तारांना हात लावला की घरघर कमी होत असेल तर ते बहुतेक गिटारमध्ये होतंच, घाबरू नका. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या किंवा झिणझिण्या आल्या तर लगेच अँप बंद करून प्लग काढा आणि वायरमनला बोलवून घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यात, जुन्या वायरिंगवर ही गोष्ट चेष्टेवारी नेऊ नका.

दोष गिटारचा पण असतो

१२ व्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर असावी. तीन-साडेतीन असेल तर टॅपिंग वाजवणं फार अवघड जातं, आणि स्वस्तातल्या नव्या गिटारला ती बऱ्याचदा तेवढी असते. तारा .००९ च्या (सगळ्यात बारीक तार .००९ इंच जाडीची) सेटच्या घ्या, शिकताना जाड तारांशी मारामारी नको.

आपल्याकडं हवेचा प्रकार लक्षात ठेवायला लागतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आक्रसतं, नेक सरळ व्हायला लागते आणि बझ येतो, नेकच्या कडेनं हात फिरवला तर फ्रेटची टोकं टोचतात. पावसाळ्यात उलटं, लाकूड ओल घेतं, नेक पुढं वाकते आणि तारा वर जातात. म्हणजे मार्चमध्ये छान वाजणारं टॅपिंग ऑगस्टमध्ये वाजेना झालं तर स्वतःला शिव्या घालायच्या आधी तारांची उंची मोजा. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरी, त्यापेक्षा जास्त नाही, आणि हात थरथरत असेल तर सरळ हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला नेऊन चांगल्या माणसाकडनं सेटअप करून आणा. गिटार बंद गाडीत उन्हात ठेवू नका, हे सांगायला नको पण लोक ठेवतात.

स्पीडची घाई

६० बीपीएमला (मेट्रोनोमवर मिनिटाला ६० ठोके) एका ठोक्यात तीन सूर, त-कि-ट, त-कि-ट. सगळ्यांचं 'त' धाडकन वाजतं आणि 'ट' गायब होतं कारण टॅपला जोर असतो आणि करंगळीला नसतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, वाजवताना हे कानाला कळत नाही, ऐकताना लगेच कळतं. तिन्ही सारखे आले की ५ नं वाढवा, बिघडलं की परत खाली.

आणि एकाच पॅटर्नवर अडकून राहू नका. ५-८-१२ वाजवताना फक्त टॅप १३ व्यावर न्या, लगेच एफ मेजर झाला. डावा हात ३ आणि ७ वर घ्या, टॅप १० व्यावर केला तर जी मेजर, १२ व्यावर केला तर ई मायनर. ३ ते ७ चा ताण करंगळीला जड जातो, तेव्हा अंगठा नेकच्या मागं मध्यावर आणा, वरनं डोकावू देऊ नका. चारही सलग जमले की मग दुसऱ्या तारेवर जा, तिथं तेच ५-८-१२ ई मायनर होतं. तार बदलताना आधीची तार वाजत राहते, म्हणून टॅप नव्या तारेवर पडायच्या आतच डाव्या तर्जनीचा खालचा भाग पहिल्या तारेवर अलगद आडवा टेकवा, दाबू नका, नुसता टेकवा.